सहा अंश डावीकडे

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला 'एलेऊसा' बोट दोन बहिणींवर चढली.

दोन बहिणी म्हणजे मेलानी बेटाच्या नैऋत्येला समुद्रातून वर आलेले दोन काळे सुळके. बेटावरच्या लेकरांना आपल्या घराचा पत्ता सांगता येण्याआधी हे खडक कुठे आहेत ते सांगता येतं. झानिस कप्तान तर एकेचाळीस वर्षं त्यांना मैलभर लांबून वळसा घालून जात आले होते. त्या दिवशी दक्षिणेच्या वाऱ्यानं आफ्रिकेची लाल धूळ आणली होती. बोटीच्या टोकावर उभ्या माणसाला मागची केबिन दिसत नव्हती. पण अशी धूळ दर वसंतात येते, आणि अशा दिवशी बोट होकायंत्रावर आणि घड्याळावर चालवायची असते, हेही सगळ्यांना माहीत होतं.

माणूस कुणी दगावलं नाही, देवाची कृपा. पिठाची पोती गेली, लिंबं लाटांवर पसरली, आणि लाकडी बोट पोटाशी फुटली ती दुसऱ्या दिवशी ओढून धक्क्याला आणली.

गुरुवारी सकाळी बंदर अधिकारी स्टाथिस कालिरोईच्या दारात आला. ती देवघरापुढे उभी होती. दिव्याची वात सारखी करून झाली होती, लोकरीच्या जपमाळेच्या तेहतीस गाठी पुऱ्या व्हायच्या होत्या. स्टाथिस टोपी हातात घेऊन पायरीवर थांबला. कालिरोईचा जप चालू असताना तिला हाक मारायची नाही, हे तिच्या वडिलांच्या वेळेपासून बंदरावर ठरलेलं होतं. वडील होकायंत्रं जुळवायचे. ते गेल्यावर आसपासच्या अकरा बेटांवर ते काम ती एकटी करत होती.

"ये रे आत," ती म्हणाली. "उपासाचे दिवस आहेत. ऑलिव्ह आणि पाव आहे. खातोस?"

"घशाखाली उतरणार नाही, बाई." त्यानं दोन कागद टेबलावर ठेवले. "माझ्याकडे गुन्हा एक आहे आणि गुन्हेगार दोन. दोघांनीही कबूल केलाय."

पहिला कागद कप्तानांचा होता. 'सुकाणूवर माझा डोळा लागला. दोष माझा.' दुसरा फोकासचा. फोकास म्हणजे 'एलेऊसा'चा तांडेल, कप्तानांच्या हाताखालचा, एकतीस वर्षांचा. 'वाटेचा आराखडा मी केला. नकाशावर रेघ मी चुकीची आखली. दोष माझा.'

"दोघांत कोण खोटं बोलतंय ते मला कळेना. सोमवारी अहवाल जातो. कप्तानांचं नाव लिहिलं तर त्यांचा परवाना गेला, आणि या वयात गेलेला परत मिळत नाही. फोकासचं लिहिलं तर त्याचं समुद्रावरचं आयुष्य सुरू व्हायच्या आतच संपलं."

"मग माझ्याकडे का आलास?"

स्टाथिसनं टोपी बोटांत फिरवली. "डोळा लागला नसेल, रेघही चुकली नसेल, तर राहिलं काय? होकायंत्र. आणि ते फेब्रुवारीत तुम्ही जुळवलंय, बाई."

२

'एलेऊसा' धक्क्याला कलून उभी होती. केबिन मात्र कोरडी होती. कालिरोईनं चढताना लाकडावरून हात फिरवला, आजारी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

फोकास आत होताच, दाढी न केलेला.

"नकाशा दाखव," ती म्हणाली.

त्यानं पसरला. पेन्सिलीची रेघ बारीक आणि स्वच्छ होती. बंदरापासून पांढऱ्या दीपगृहापर्यंत एक, तिथून वळून दोनशे अठरा अंशांवर दुसरी. दोन बहिणींच्या भोवती लाल वर्तुळ आणि शेजारी फोकासच्या अक्षरात : 'एक मैल दूर राहणे.' कुठल्या वळणाला किती वाजले पाहिजेत, धूळ किंवा धुकं असलं तर कोण सुकाणूवर आणि कोण टोकाला, सगळं समासात होतं. कालिरोईनं पट्टी लावून दोनदा मोजलं.

"रेघ बरोबर आहे."

फोकासनं नकाशाची मुडपलेली कड सरळ केली.

"इतकी देखणी रेघ आखायची आणि खाली चुकली म्हणून सही करायची? तुझी आई तुला दोन थोबाडीत देईल."

"देऊ दे, काकू. मी सात वर्षांचा असताना बाबा बुडाले. मला पोहायला कप्तानांनी शिकवलं. नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांना या वयात काठावर बसवायचं, आणि तेही झोपाळू म्हणून?"

"झोपले होते का ते?"

"कुठले झोपतात! सहा ते आठ सुकाणूवर मी होतो. आठ वाजता पांढरं दीपगृह धुळीतून दिसलं, हवं तिथं, हव्या त्या मिनिटाला. तिथं बोट वळवून मी सुकाणू त्यांच्या हातात दिलं आणि टोकाला जाऊन उभा राहिलो. दर दहा मिनिटांनी काही लागतंय का विचारायला मागे यायचो. प्रत्येक वेळी ते होकायंत्रावर वाकलेले, डोळे टक्क उघडे. मला म्हणाले, 'माझ्याकडे काय बघतोस, समुद्राकडे बघ!'"

"मग हे स्टाथिसला सांगायचं होतंस."

"सांगितलं. तो म्हणाला, बापाच्या बाजूनं मुलगा बोलणारच."

पाण्याची खोली मोजायच्या यंत्राचं काय, हेही तिनं विचारलं. पण दोन बहिणी तळापासून भिंतीसारख्या सरळ वर आल्या आहेत. यंत्र ओरडलं तेव्हा बोट खडकावर होती. रडार 'एलेऊसा'वर कधी नव्हतंच.

मग तिनं होकायंत्र तपासायला घेतलं. धक्क्यावरून पाहिलं की देवळाचा घुमट आणि टेकडीवरची पवनचक्की एका रेषेत येतात. ती रेषा किती अंशांवर आहे हे तिच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी भिंतीत दगडावर कोरून ठेवलं होतं. फोकासनं आणि धक्क्यावर थांबलेल्या स्टाथिसनं दोर ओढून बोट हळूहळू फिरवली. ती प्रत्येक दिशेला आकडा पाही आणि केबिनच्या भिंतीवरच्या, फेब्रुवारीत तिनंच लिहिलेल्या तक्त्याशी ताडून बघे. शेवटी बोटीचं तोंड त्या दिवसासारखं दोनशे अठरावर आणलं.

अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

"म्हणजे तुम्ही सुटलात, बाई," स्टाथिसनं श्वास सोडला.

कालिरोईला सुटल्यासारखं वाटलं नाही. दीपगृहापासून खडकापर्यंत तिनं नकाशावर दुसरी रेघ धरून पाहिली, बोट खरोखर गेली ती. आखलेल्या रेघेपेक्षा ती सहा अंश डावीकडे होती. रेघ खरी, होकायंत्र खरं, माणूस जागा. तरी बोट सहा अंश डावीकडे गेली.

"कप्तानांना बोलाव," ती म्हणाली.

३

कप्तान काळा कोट घालून आले. त्यांच्याकडे एकच होता. लग्नाला, मयताला आणि सरकारी कचेरीत तोच घालायचे. कालिरोई आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले.

"मी लिहून दिलंय," ते दारातूनच म्हणाले. "डोळा लागला."

"केव्हा?"

"लागला तेव्हा."

"झानिस, बस. पाठ दुखतेय तुझी, दिसतंय मला." ती हळू आवाजात बोलत होती. ती कधीच मोठ्यानं बोलत नसे. त्यामुळे भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होई. "आठ वाजता तू दीपगृहापाशी होतास. साडेनऊला खडकावर. अंतर बारा मैल. तुझी बोट ताशी आठ मैल चालते. किती वेळ लागायला हवा?"

कप्तानांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दीड तास."

"आणि लागला दीडच तास. झोपलेल्या माणसाची बोट इकडे भरकटते, तिकडे भरकटते, वेळ जास्त खाते. तुझी बोट दीड तास सुतासारखी सरळ गेली. फक्त चुकीच्या दिशेनं. झोपेत असं कुणाला जमत नाही रे. अशी बोट जागा माणूसच चालवतो, आणि तोही चांगला."

फोकास दारात उभा होता. त्याच्याकडे न बघता कप्तान म्हणाले, "मग काय लिहू? मला दोनशे अठराच दिसत होतं, कालिरोई. देवाशपथ. पूर्ण वेळ दोनशे अठरा. हे लिहिलं की स्टाथिस म्हणणार, रेघ चुकली. म्हणजे या पोराची मान अडकली."

"आणि हा म्हणतो रेघ माझी चुकली, म्हणजे तुझी मान सुटावी." तिनं कपाळाला हात लावला. "दोघंही गाढव आहात. आता उठ. त्या दिवशी उभा होतास तसा सुकाणूवर उभा राहा."

ते उभे राहिले. पाठीमुळे पुढे झुकून, पोट होकायंत्राच्या लाकडी ठोकळ्याला टेकवून. कालिरोईला शंका होती : या माणसाच्या अंगावर काही लोखंडी असेल, चाकू, किल्ल्या, काहीतरी. तिनं तबकडीवर नजर लावली.

तबकडी ढिम्म हलली नाही.

तिनं त्यांचे खिसे रिकामे करायला लावले, पुन्हा भरायला लावले. रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या, खिशातलं घड्याळ. काही नाही. तेवढ्यात देवळात बाराचे टोल सुरू झाले. कप्तानांनी सवयीनं घड्याळ उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"कप्तान, तुमचं जेवण होऊन गेलं की!" एवढ्या दुःखातही फोकासला हसू आलं. घड्याळात सव्वाबारा वाजून गेले होते.

"हस. माझ्या बापाचं घड्याळ आहे. तीस वर्षांत मिनिटभर पुढे गेलं नाही. आता दहा-बारा दिवस रोज सकाळी लावतो, तरी दुपारपर्यंत पळतंच. म्हातारपणी त्यालाही घाई झालीय."

"त्या दिवशी बोटीवर वेळ कशावर पाहिली?"

"भिंतीवरच्या घड्याळावर. याच्यावर कोण विसंबतो आता?"

कालिरोईच्या बोटांत फिरणारी जपमाळ थांबली.

"झानिस, हे घड्याळ रोज याच कोटात असतं?"

"कोटात? कोट मी वर्षातून चारदा घालतो. रोज माझ्या बंडीच्या खिशात असतं. आत्ता धुवायला टाकलीय मारूसानं, खारं पाणी लागलं म्हणून."

४

मारूसा, कप्तानांची बायको, अंगणात लिंबाच्या झाडाखाली शिवत बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. कालिरोईला पाहून ती गडबडीनं उठली, आणि मांडीवरचा टाचण्यांचा डबा फरशीवर पालथा झाला.

"बघ, हातात काही राहत नाही माझ्या. बस, बस. तीळ-साखरेची वडी देते, तेल नाही त्यात, उपासाला चालते."

"राहू दे गं. आधी टाचण्या वेचू."

दोघी खाली बसल्या. मारूसानं एक टाचणी उचलली. तिच्याबरोबर दुसरी आली, दुसरीच्या टोकाला तिसरी लोंबत होती.

"असं करतात मेल्या हल्ली," मारूसा म्हणाली. "कात्रीसुद्धा सुईला धरून बसते."

दोरीवर राखाडी लोकरीची बंडी वाळत होती. कालिरोईनं बसल्या जागेवरून तिच्याकडे पाहिलं. होकायंत्राचं कोडं सुटलं की तिला आजवर आनंद व्हायचा, आज झाला नाही.

"मारूसा, झानिसच्या बंडीत तू ताईत शिवतेस ना?"

"लग्नाच्या वर्षापासून. दर उपासात, क्रूसाच्या रविवारी देवळातून फूल मिळतं, ते वाळवून, तुळशीच्या पानाबरोबर. डाव्या बाजूला, काळजापाशी. त्याला माहितेय."

"आणि यंदा त्याच्याबरोबर काय शिवलंस?"

मारूसाचे हात थांबले. मग ती लाजली, साठीची बाई, नव्या नवरीसारखी. "तुला कसं कळलं? त्याला सांगू नकोस हं, हसेल मला. जत्रेत एक फेरीवाला आला होता. काळ्या चपट्या चकत्या. म्हणाला, कमरेजवळ ठेवल्या की दुखणं ओढून घेतात. झानिस रात्रभर कुशीवर कण्हतो गं. मी सहा घेतल्या आणि अस्तराच्या आत, दोन्ही बाजूंनी..."

ती बोलता बोलता थांबली. कप्तानाची बायको होती ती. चाळीस वर्षं बोटीवर डबा पोचवताना तिनं ऐकलं होतं की होकायंत्राजवळ रेडिओ नको, कात्री नको, सुरी नको. तिनं हातातल्या टाचण्यांच्या घोसाकडे पाहिलं.

"लोहचुंबक," ती अगदी हळू म्हणाली.

कालिरोईनं मान डोलावली. खोटं बोलायचं नाही हे तिचं जुनं व्रत होतं. यापूर्वी ते कधी इतकं जड झालं नव्हतं.

"मी केलं? दोन बहिणींवर मी घातलं त्याला?" मारूसा दोरीपाशी गेली, बंडी छातीशी धरली. "पण दहा दिवस काही झालं नाही!"

"दहा दिवस ऊन होतं. उन्हात तो डोळ्यांनी चालवतो, डोंगर बघून. होकायंत्राकडे कोण बघतं? मंगळवारी धूळ आली, आणि पहिल्यांदाच तो त्याच्यावर वाकून उभा राहिला. फोकास सुकाणूवर होता तोवर बोट बरोबर होती. आपण तपासलं तेव्हा बंडी इथं दोरीवर होती. झानिस वाकला की सुई सरकायची, झानिस बाजूला झाला की जागेवर. त्याचं घड्याळही त्याच खिशात राहून बिघडलं."

शेजारच्या घरात कुणीतरी कांदा परतत होतं. मारूसानं डोळे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसले.

"तू नाही सांगितलंस तर?"

"तर सोमवारी दोघांपैकी एकाचं नाव जाईल."

"आणि सांगितलंस तर सगळं बेट म्हणेल, मारूसानं नवऱ्याची बोट फोडली."

"म्हणेल. थोडे दिवस. मी चकत्या काढून नेऊन स्टाथिसला एवढंच सांगू शकते की बंडीत होत्या. कुणी शिवल्या ते मी आपणहून सांगणार नाही. पण त्यानं विचारलं तर माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही, मारूसा."

मारूसानं बंडी नीट घडी घातली. बाह्या नव्हत्याच, तरी खांदे खांद्याला जुळवून.

"तू काही काढू नकोस," ती म्हणाली. "माझे टाके आहेत. उद्या मीच येते."

५

शुक्रवारी दहा वाजता केबिनमध्ये पाच माणसं दाटीवाटीनं उभी होती. बोटीचं तोंड दोनशे अठरावर दोरांनी घट्ट बांधलेलं. मारूसा आलेली पाहून कप्तान गोंधळले.

"तू कशाला इथं?"

"कोट काढ," मारूसा म्हणाली. "ही घाल."

"गरम होतंय मला."

"झानिस. घाल म्हटलं ना."

त्यांनी निमूटपणे घातली. कालिरोईनं स्टाथिसला होकायंत्राच्या पलीकडे उभं केलं. "आकडा मोठ्यानं वाच."

"दोनशे अठरा."

"कप्तान, पुढे हो. त्या दिवशीसारखा."

कप्तान झुकले. पोट ठोकळ्याला टेकलं. आणि तबकडी हलली. कुणी धक्का दिला नव्हता, बोट दोरांत जखडलेली होती. तबकडी मात्र झोपेतून कूस बदलावी तशी संथ वळली आणि थांबली.

"दोनशे चोवीस," स्टाथिस कुजबुजला. "सहा अंश."

"मागे हो."

ती परत फिरली. दोनशे अठरा.

"हा दोनशे चोवीसचं दोनशे अठरा करायला बोट डावीकडे वळवत राहिला," कालिरोई म्हणाली. "दीड तास, अगदी इमानानं. रेघ खरी होती, होकायंत्र खरं होतं, कप्तान जागा होता. दोघांनीही खोटी सही केली आहे, एकमेकांसाठी. ते कागद फाड, स्टाथिस."

"पण बंडीत आहे काय?" कप्तान खिसे चाचपत होते.

मारूसा पुढे आली. पिशवीतून कात्री काढली, पण होकायंत्राकडे पाहून थबकली आणि नवऱ्याला हाताला धरून बाहेर डेकवर घेऊन गेली. तिथं उन्हात, सगळ्यांसमोर, त्याच्या अंगावरच अस्तर उसवलं. एकेक काळी चकती तिच्या तळहातावर आली. सहा. शेवटी चुरगळलेलं फूल आणि तुळशीचं पान.

"पाठीसाठी," ती म्हणाली. "मी शिवल्या. तुला न सांगता. लिही रे स्टाथिस, मारूसा वाल्मानं शिवल्या असं लिही."

कप्तानांनी चकत्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"बोट दुरुस्त होते गं," ते शेवटी म्हणाले. "रडू नकोस. आणि खरं सांगू? पाठ थांबली होती. दहा दिवस. मला वाटलं, तुझी फुलं पावली."

"खोटं बोलतोस."

"आता सगळ्या खोट्या सह्या फाडल्या ना? मग हे खरंच आहे."

स्टाथिसनं अहवाल तिथंच, लिंबांच्या रिकाम्या खोक्यावर बसून लिहिला. कप्तानांना ताकीद मिळाली : इतक्या वर्षांचा खलाशी असून स्वतःचे कपडे तपासले नाहीत. ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. परवाना खिशात राहिला. फोकासला खोटं लिहून दिल्याबद्दल त्याहून कडक शब्द ऐकावे लागले, पण त्याचाही राहिला. घड्याळ कालिरोई घरी घेऊन गेली. वीज खेळणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून चारदा हळूच फिरवल्यावर त्यातलं चुंबकत्व उतरलं आणि ते पुन्हा शहाणं झालं.

ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यात 'एलेऊसा' पाण्यात उतरली. पाद्र्यानं पाणी शिंपडलं, तांबडी अंडी वाटली. कालिरोई होकायंत्र शेवटचं तपासून खाली उतरत होती. केबिनच्या दाराबाहेर, होकायंत्रापासून चांगलं दोन हात दूर, एक नवी लाकडी खुंटी ठोकलेली तिला दिसली. तिच्यावर राखाडी बंडी होती, डावीकडच्या अस्तरावर ताजे, बारीक टाके घातलेली.

फोकासनं टेबलावर नवा आराखडा पसरला होता. तीच स्वच्छ रेघ, तेच लाल वर्तुळ. समासात निघण्यापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी होती : इंधन, दिवे, भोंगा, होकायंत्र. सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, त्यानं ठळक अक्षरांत एक ओळ वाढवली होती.

'मारूसाकाकूंना विचारणे.'

पुढे त्या दिवसाची तारीख होती आणि शिवणकामाच्या सुईसारख्या बारीक अक्षरांत मारूसाची सही : 'विचारलं. फक्त फूल आहे. सांभाळून जा.'